आतून पाच शिलाया

आमच्या शिवण सेंटरात शनिवारी झाडू मारला की पोतंभर कात्रण निघतं. ते उशा भरणारा घेऊन जातो. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही! ते मशीनीखाली तसेच पडून राहतात, अन् एकीनं पाय हलवला की दहा वर येतात. बाईमाणूस डॉक्टरासमोर जे सांगत नाही, ते माप देताना सांगून टाकते. हात वर केलेले असतात, टेप छातीभोवती असतो, तोंड तेवढं मोकळं असतं ना!

सेंटर म्हणजे केजमधली आमची बायांची शिवणकामाची सहकारी संस्था. सहा मशिनी, अकरा सभासद, एक कपाट, एक माठ. ह्या गोष्टीत आम्ही तिघी. एक चेअरमनबाई. त्यांना नाव आहे, पण निवडून आल्यापासून त्यांचा नवराही त्यांना चेअरमनबाईच म्हणतो. दुसरी रमाबाई, आमची कटिंगवाली, मॅट्रिक झालेली. कमी बोलते, पण कापड अन् माणूस दोन्ही एका नजरेत मोजते. तिसरी मी, कौसाबाई. शाळा चौथीपर्यंत. "पर तोंड कॉलेजात गेलेलं हाय," असं चेअरमनबाई म्हणतात.

सगळे किस्से दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षातले, अन् सगळे ढिल्या कपड्यांचे. माणसं वाळत होती, कपडे होते तेवढेच. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न घेऊन बाया यायच्या अन् मी त्यांना अक्कल शिकवायचे. शेवटी तो प्रश्न माझ्याच सात ब्लाऊजांवर येऊन बसला.

*

रमाबाईनं सेंटरला एक नियम घालून दिला होता. कपडा ढिला झाला तर कापायचा नाही. जादाचं कापड आत दाबून शिलाई मारायची. त्याला आम्ही माया म्हणतो. चेअरमनबाईंनी एकदा विचारलं, "कापून टाकलं तर काय बिघडतं? आत गोळा व्हतोय."

रमाबाई म्हणाली, "माणूस पुन्हा भरला तर मग काय माणसाला कापायचं?"

झाला नियम!

दुसरा नियम माझा. ब्लाऊज उलटा केला की आत शिलाया दिसतात. एक शिलाई म्हणजे बाई एकदा वाळली. दुसरी म्हणजे दोनदा. तिसरी आली की मी मशीन थांबवते अन् विचारते, "दवाखान्यात गेलतीस का?" न्हाई म्हणाली की ब्लाऊज कपाटात अन् कुलूप! केसपेपर दाखवायचा, ब्लाऊज घेऊन जायचं.

शेजारच्या गल्लीतली सुमन, भावाच्या लग्नाचा ब्लाऊज घेऊन आली. तिसरी शिलाई. मी कपाटात टाकला. ही एवढी पेटली!

"तू शिंपीण हायस का नर्स?"

"शिंपीण हाय म्हणून दिसतंय. नर्सला तू वरून दिसतीस, मला आतून."

"कौसे, उद्या हळद हाय!"

"मग आजच जा."

दुसऱ्या दिवशी हळदीच्या ऐन वेळेला आली. एका हातात टॉनिकची बाटली, एका हातात केसपेपर. कागद माझ्या मशीनवर आपटला.

"घे! आंगात रक्तच न्हाई म्हणले डाक्टर! कुठनं राहणार? तू पिलंस ना सगळं!"

*

उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या एक मॅडम आल्या. हायस्कुलात शिकवायच्या. सोबत ही मोठी पिशवी, पंजाबी ड्रेसांची, बरेच जांभळे.

"सगळे ढगळ झाले हो! बारा किलो कमी केले मी. सकाळी गरम पाणी, लिंबू, रात्रीचं जेवण बंद. अन् बीड रोडला चालणं!"

चेअरमनबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कुठल्याही कार्यक्रमात वाजवायची सवयच आहे.

बाकावर पारूबाई बसली होती. दिंद्रूडकडची. ऊसतोडीवरून कालच आलती. तिचाही ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. मॅडमचं तिकडं लक्ष गेलं. बाई मनानं चांगली, कौतुकानंच विचारलं, "तुम्ही पण छान बारीक झालात की हो! तुम्ही काय केलंत?"

पारूबाई म्हणाली, "कोयता."

"म्हणजे?"

"सहा म्हैने करून बघा म्याडम. पहाटं उठायचं, ऊस तोडायचा, मोळी डोस्क्यावर घ्यायची अन् फळीवरून गाडीत चढायचं. लई फरक पडतो."

सहाच्या सहा मशिनी बंद! मॅडम लालबुंद. त्यांनी पिशवीतले दोन ड्रेस काढून पारूबाईच्या मांडीवर ठेवले. पारूबाईनं कापड चाचपलं, घडी मोडू न देता परत केलं.

"कापड ग्वाड हाय. पर ढिलं घालून उसात शिरलं की पानं धरून वढत्यात. आमाला टाईटच बरं."

मी तिचा ब्लाऊज उलटा केला. आत चार शिलाया. दर हंगामाला एक. केसपेपरचं बोलायला मी तोंड उघडलं अन् मिटलं. कोयत्याचा केसपेपर कुठला दवाखाना देतो?

ती गेल्यावर मशीनवर मॅडमचा जांभळा दोरा तसाच होता. माझे स्वतःचे ब्लाऊज मला काखेत ढिले लागत होते. उन्हाचे दिवस, टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, वाळणारच माणूस! दोन दिवसांत सातही ब्लाऊजांना एकेक शिलाई मारून घेतली. कुणाला सांगायचं काय त्यात?

*

जूनमध्ये शाळेचे गणवेश. हे काम आमचं दरसालचं. मापं घ्यायला वेळ नसतो. म्हणून आमची एक युक्ती होती. मागच्या वर्षीची मापाची वही काढायची, प्रत्येक आकड्यात दोन इंच मिळवायचे अन् कापायला घ्यायचं. लेकरू वर्षात तेवढं वाढतंच. इतक्या वर्षांत कधी चुकलो नव्हतो.

गणवेश दिले. दुसऱ्याच दिवशी गुरुजींचा निरोप आला, "जरा शाळेत या."

गेलो तिघी. लेकरं मैदानात रांगेत उभी होती. बाह्या कोपराच्या खाली, चड्ड्या गुडघ्याच्या खाली, पोरींचे फ्रॉक पोटरीवर. वाऱ्यानं कपडे फुगत होते अन् आत लेकरू कुठं आहे ते हुडकावं लागत होतं!

गुरुजी म्हणाले, "गणवेश शिवले का तंबू?"

चेअरमनबाई माझ्यावर खेकसल्या, "दोनच्या जागी चार मिळवले का गं?"

रमाबाई पुढं झाली. तिनं टेप काढला, वही उघडली अन् पहिल्या पोराला जवळ घेतलं. मागच्या वर्षीचाच आकडा. दुसरं पोर. तोच आकडा. एका पोरीचा तर अर्धा इंच कमी. अख्खी रांग मोजली. वही चुकली नव्हती, आम्ही चुकलो नव्हतो. लेकरं वर्षभर वाढलीच नव्हती.

तिसरीतली एक पोर, सरू नाव तिचं, रमाबाईच्या टेपकडं बघत होती. तिला वाटलं आपल्यामुळं बायांना रागवतात. म्हणाली, "बाई, माझं मागचंच माप लिवा. मी मोठी झाले की सांगते."

चेअरमनबाई मैदानातच खाली बसल्या. पदर तोंडाला. मी त्यांना गप करायला गेले अन् त्यांच्याच पदरानं डोळे पुसत बसले.

सगळे गणवेश परत आणले. एकही कापला नाही. दोन-दोन इंच आत दाबले. आठवडाभर सेंटरात नुसता निळा दोरा. त्याच निळ्या दोऱ्यानं मी माझ्या ब्लाऊजांनाही पुन्हा एक शिलाई मारली. पोरांचं बघून घास उतरत नाही, त्यानं झालं असेल, असं म्हणाले.

*

आता डायरेक्टरसाहेबांचं ऐका! कुठल्या कारखान्याचे ते विचारू नका. पोट आधी आत आलं, साहेब मागून.

"पाच नेहरू शर्ट टाका, पांढरे. माप घ्या, अन् मापापेक्षा चांगले चार इंच मोठे शिवा."

मी म्हटलं, "साहेब, ढगळ होतील की."

"व्हायलाच पाहिजेत! चारा छावणीवर जायचंय. लोकांना दिसलं पाहिजे, साहेब दुष्काळात किती वाळले."

मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज बघितले, पण माप देऊन निर्लज्ज झालेला हा पहिलाच! बोलणार होते, चेअरमनबाईंनी पायावर पाय दिला. संस्थेचं कर्ज साहेबांच्याच ओळखीनं झालं होतं. शिवले. साहेब छावणीवर गेले, गळ्याशी हात घालून ढिला शर्ट हलवून दाखवला. म्हाताऱ्या बाया हळहळल्या म्हणे!

दोन महिन्यांनी तेच शर्ट घेऊन साहेब परत हजर.

"काय झालं साहेब?"

"जरा सोडून द्या. टाईट व्हायलेत."

चार इंच भरून काढले होते! छावणीवर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवण. रमाबाईनं शर्ट उलटा केला, माया मोकळी केली अन् इतकंच म्हणाली, "साहेबांना दुष्काळ मानवला."

माझ्या ब्लाऊजांना त्या पांढऱ्या दोऱ्याच्या दोन शिलाया झाल्या. एक त्यांचे शर्ट शिवले तेव्हा, दुसरी सोडले तेव्हा.

*

त्याच दिवसांत माठातल्या पाण्याची चोरी सुरू झाली. सेंटरला दिवसाला एक माठ पाणी मिळायचं, तेही टँकर आला तर. दुपारी बाराला माठाचा तळ दिसायला लागला. मी रान उठवलं!

"कोण हात धुतंय ह्यात? कोण घरी नेतंय? पाण्याची चोरी म्हंजी लेकराच्या तोंडचा घास! सापडली तर मशीनीवरून उठवीन!"

एकेकीला घेतलं. सगळ्यांत धाकट्या गंगूला रडवलं. चेअरमनबाईंच्या पिशवीत बाटली सापडली तर त्यांचीही खरडपट्टी काढली. बिचाऱ्या म्हणत राहिल्या, "अगं, औषिध हाय ते!"

शेवटी मीच हुकूम काढला. जिनं पेला घेतला तिनं माठामागच्या भिंतीवर आपल्या नावापुढं खडूची रेघ मारायची. खोटी रेघ मारणारीला देव बघून घेईल. संध्याकाळी मी सगळ्यांना घेऊन भिंतीपुढं उभी राहिले. गंगूच्या दोन रेघा. रमाबाईच्या तीन. चेअरमनबाईंच्या तीन.

माझ्या नावापुढं भिंत संपली होती. उरलेल्या रेघा दाराच्या चौकटीवर मारल्या होत्या. अन् त्या मीच मारल्या होत्या! पाणी पीत होते, रेघ मारत होते, अन् शिव्या दुसऱ्यांना देत होते.

कुणी हसलं नाही. गंगू पण नाही. मी म्हटलं, "तोंडाळ बाईला तहान लागतीच," अन् मशीनीवर जाऊन बसले. घरी सुद्धा सून आता घागर माझ्या हाताशी ठेवून आपण गप निजायची. का ठेवते, हे मी विचारलं नाही अन् तिनं सांगितलं नाही. त्या महिन्यात हातातल्या बांगड्या मशीनीवर आपोआप गळून पडायच्या. मी कासाराकडून लहान मापाच्या घेतल्या. "सुनेसाठी," म्हणाले. भरल्या माझ्याच हातात.

*

दिवाळीची गर्दी संपली. त्या वर्षी गर्दी कसली म्हणा, नवं शिवणारं कुणी नव्हतं, जुनंच आत घेणं. लाल दोरा मात्र संपला. माझे सात ब्लाऊज मी इस्त्रीला सेंटरातच आणले होते. इस्त्री रमाबाई करत होती, अन् आम्ही कपडा आधी उलटा करून इस्त्री करतो.

मला मागून आवाज आला, "आक्का."

वळले. रमाबाईनं इस्त्री बाजूला उभी केली होती. माझा ब्लाऊज उलटा, उजेडाला धरलेला. ती बोटानं एकेक शिलाई मोजत होती.

"हा जांभळा. म्याडमच्या ड्रेसांचा. म्हंजी उन्हाळ्यात."

मी हातातलं काज करत राहिले.

"हा निळा. गणवेशाचा. हा पांढरा, सायबाचा शर्ट शिवला तवाचा. हा दुसरा पांढरा, सायबाचा सोडला तवाचा. हा लाल तर परवाचा." तिनं दुसरा ब्लाऊज उलटा केला. तिसरा केला. सातही. सगळ्यांत तेच पाच रंग, त्याच क्रमानं.

मशिनी एकेक करून थांबल्या. मी म्हटलं, "कावून एवढं बघती? कपडा ढिला झाला, दाबला. शिंपीण हाय मी!"

"तेच की. दर वेळी फिटिंग बरोबर. म्हणून कुणालाच दिसलं न्हाई." तिचा आवाज चढला. रमाबाईचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "दुसऱ्याला तिसऱ्या शिलाईला दवाखान्यात धाडता ना तुमी? मग सवताच्या पाच मारताना हात कसा वळला?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरं सांगते, तोवर मी ते पाच एकत्र कधी बघितलेच नव्हते. एक-एक वेळी एक-एक शिलाई. शिलाई तर बोटभर असते!

चेअरमनबाई उठल्या. म्हणाल्या, "सभा घ्या."

खोटं नाही सांगत, सभा घेतली! आमच्यात ठरावाशिवाय सुई सुद्धा विकत घेत नाहीत. प्रोसिडिंगची वही काढून ठराव लिहिला. "सभासद कौसाबाई यांचे सात ब्लाऊज केसपेपर दाखवेपर्यंत संस्थेच्या कपाटात जमा राहतील. सूचक रमाबाई. अनुमोदक सर्व." विरोधात मत एकच पडलं, माझं. ते लिहून सुद्धा घेतलं नाही!

किल्ली चेअरमनबाईंच्या कमरेला. अंगावर सुनेचा एक ब्लाऊज होता, त्याच्यावर मी तीन दिवस तणतणत काढले. रात्री धुवायचा, सकाळी ओलाच घालायचा. चौथ्या दिवशी सुमन दारात उभी. तीच, टॉनिकवाली! तोंडभर हसत होती.

"चल कौसे. हळद तर नाही ना तुझी उद्या?"

*

तालुक्याच्या दवाखान्यात बोटाला टोचलं. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं मशीन बघितलं, झटकलं, पुन्हा टोचलं. मग आकडा सांगितला.

मी म्हटलं, "हा माझा का ट्यांकरचा नंबर?"

तो हसला नाही. "मावशी, अजून दोन आठवडे आला नसता तर झोपवूनच आणलं असतं तुम्हाला. शुगर आहे. इतके दिवस तहान लागत नव्हती का?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. तिथं रेघा नव्हत्या, तरी मला दिसायला लागल्या.

*

गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शन सुरू झालं, तहान हटली. केसपेपर दाखवला तसे ब्लाऊज सोडवायची वेळ आली. त्यांचं करायचं काय, ह्यावर घरात अन् सेंटरात नुसता गोंधळ! डॉक्टर म्हणाला होता, थोडं वजन भरेल, पण पहिल्यासारखं होऊ द्यायचं नाही.

सून म्हणाली, "आत्या, पिशव्या शिवू."

चेअरमनबाई म्हणाल्या, "मला द्या. पहिल्या मापात सोडले तर मला बरोबर बसत्यात." मी बघतच राहिले. बाईनं कपाटात ठेवले असताना मायेसकट मापून बघितले होते!

आमचे मालक वर्षातनं चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक खर्च केलं. "ऱ्हाऊ दे. भरशील."

मला मात्र ते डोळ्यांपुढं नको होते. रमाबाईला म्हटलं, "माया काप. आताच्या मापात नीट करून दे. विषय मिटव."

ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी सात घड्या माझ्या मशीनवर ठेवल्या. मी एक उघडला. एवढा मोठा! दुसरा उघडला, तोही तसाच. तिनं काहीच कापलं नव्हतं. पाचही रंग उसवून काढले होते, सगळ्या सातांचे, अन् इस्त्री करून पहिल्या मापावर आणून ठेवले होते.

"रमे! हे घालू कसे? पोतं दिसीन की!"

"दिसा."

"लोक काय म्हणतील?"

"इचारतील. इचारू द्या. फिटिंगनंच घात केला तुमचा." ती दोरा ओवत होती, वर बघितलं नाही. "आता भरताल तेवढं भरा. उरंल तेवढं मग बघू. पर आत दाबायचं न्हाई. ठराव मांडीन."

तिचा काय भरवसा? मी ढगळ ब्लाऊज घालून केजच्या बाजारातनं फिरले. खांदा उतरायचा, बाही कोपरावर यायची. भाजीवाली विचारायची, कंडक्टर विचारायचा, उन्हाळ्यात तोडीवरून परतताना पारूबाईनं तर जीपमधनं ओरडून विचारलं, "आक्का, तुमी बी कोयता धरला का काय?" प्रत्येकाला मला सांगावं लागलं, शुगर हाय मला. सांगून सांगून तोंडातली भीती झिजली.

*

पुढच्या जूनपर्यंत मी लाल अन् एक पांढरी, अशा दोन शिलायांएवढी भरले होते. बाकी ढिलंच. गणवेशाचं काम होतं. त्या वर्षी वहीत दोन इंच कुणी मिळवले नाहीत. टेप घेऊन शाळेत जायचं ठरलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी सेंटरच्या दारात एक पोर येऊन उभी राहिली. एकटी. अंगात आमचाच मागच्या वर्षीचा फ्रॉक, काखेत तटतटलेला. मी ओळखलंच नाही. रमाबाईनं ओळखलं.

"सरू ना गं?"

पोरीनं मान हलवली अन् दोन्ही हात वर करून टेबलापुढं उभी राहिली. "सांगाय आले. झाले मोठी."

रमाबाईनं टेप लावला. आकडा बघितला, पुन्हा लावला, चेअरमनबाईंना दाखवला. मी पोरीला परकर गुंडाळून फ्रॉक काढून घेतला, उलटा केला अन् निळी शिलाई उसवायला घेतली. एका बाजूची इंचभर सोडली, दुसऱ्या बाजूची इंचभर सोडली. सगळ्या जणी मशिनी बंद करून बघत होत्या. तिनं अंगात घातला. हात वर केले, खाली केले. बसला!

ती जायला निघाली, दारातनं परत वळली. बराच वेळ माझ्या खांद्यावरून उतरलेल्या ब्लाऊजाकडं बघत राहिली. मग जवळ आली अन् हळूच म्हणाली,

"बाई, तुमी बी मोठ्या झाल्या की सांगा हां."